एक दीर्घ थट्टा

माझे एक स्नेही आहेत. ग्वाल्हेर गायकीचे जुने, जाणते आणि थोडेसे हट्टी श्रोते. संगीतांत विनोदाला जागा नाहीं, असें त्यांचें ठाम मत आहे. विनोद नाट्यगृहांत असावा, कीर्तनांत असावा, फार तर पंगतींत असावा. पण जेथें सुराचा आणि लयीचा कस लागतो तेथें हंसूं येणें म्हणजे कोठें तरी कांहीं तरी चुकल्याची खूण, असें ते म्हणतात. गेल्या पावसाळ्यांत एका दुपारीं मीं त्यांना एक इंग्रजी तबकडी ऐकवली. तबकडीचें नांव 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', वाजवणाऱ्या मंडळींचें नांव 'जेथ्रो टल', आणि साल १९७२. ऐकवण्यापूर्वीं मीं त्यांना एवढेंच सांगितलें होतें कीं, ही सारी एक थट्टा आहे. दोन्ही बाजू त्यांनीं निमूटपणें ऐकल्या आणि शेवटीं चष्मा पुसत विचारलें, "अहो, सगळें ऐकलें, पण यांत थट्टा ती कोणती?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देऊं लागलों तेव्हां मीच अडखळलों. आजचें माझें भाषण म्हणजे त्या दुपारीं अर्धवट राहिलेलें तें उत्तर आहे, असें श्रोत्यांनीं समजावें.

प्रथम नांवांविषयीं. मठ्ठ माणसाला विटेइतका जाड म्हणण्याची इंग्रजींत चाल आहे. आपले शाळामास्तर अशा मुलाला दगड म्हणत. तिकडे वीट, इतकाच फरक. तेव्हां या तबकडीचें नांव मराठींत करायचें झालें तर 'शुद्ध दगड' असें कांहीं तरी करावें लागेल. वाजवणाऱ्यांचें नांवहि असेंच तिरपागडें आहे. जेथ्रो टल हा कोणी गवई नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेला तो एक इंग्रज शेतीसुधारक. १७०१ च्या सुमारास त्यानें बीं पेरण्याची एक पाभर तयार केली, म्हणून तिकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळाली आहे. आपल्या शेतकऱ्याला पाभरीचें इतकें कौतुक वाटणार नाहीं, पण तें असो. १९६७-६८ च्या सुमारास ही तरुण मंडळी लंडनच्या क्लबांतून वाजवत हिंडत असे. वादन फारसें कोणाला रुचत नसे. म्हणून त्याच क्लबाकडून पुन्हां बोलावणें यावें यासाठीं दर खेपेस नवें नांव घ्यावयाचें, अशी त्यांची युक्ति होती. कार्यक्रम ठरवून देणाऱ्या कचेरींतील एका इतिहासप्रेमी गृहस्थानें हें नांव सुचवलें; तें चालूं असतांनाच एका क्लबाच्या चालकांना वादन पसंत पडलें, आणि पाभर करणाऱ्या शेतकऱ्याचें नांव मंडळींच्या गळ्यांत कायमचें पडलें.

या मंडळींचा म्होरक्या इयान अँडरसन. त्याचा जन्म १९४७ सालीं स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन येथें झाला. एरिक क्लॅप्टनच्या तोडीची गिटार आपल्याला कधींहि साधणार नाहीं, हें वेळींच ओळखून त्यानें आपली विजेची गिटार देऊन टाकली आणि बदल्यांत बासरी घेतली. गुरु केला नाहीं. एका पायावर उभें राहून तो बासरी वाजवीत असे. असें म्हटलें कीं आपल्या मनांत एकच मूर्ति उभी राहते. पण या मूर्तीच्या अंगावर फाटका लांब कोट, दाढीकेसांचें जंगल आणि डोळ्यांत वेडसर झांक होती, हें ध्यानांत ठेवावें. फुंकतां फुंकतां तो त्याच बासरींत गुणगुणे, धापा टाकी, खेंकसे. पुढें १९९० नंतरच्या काळांत त्याची मुलगी शाळेंत बासरी शिकूं लागली, तेव्हां आपण इतकीं वर्षें बोटें चुकीचीं ठेवीत आलों हें त्याला समजलें; आणि चाळिशी उलटलेल्या त्या प्रख्यात वादकानें बोटें पुन्हां पहिल्यापासून बसवलीं. हा प्रसंग मुद्दाम सांगितला. थट्टेखोर म्हणून ज्याची ख्याति, तो माणूस कामाच्या बाबतींत कसा होता, हें त्यावरून दिसतें.

आतां त्या काळाविषयीं दोन शब्द. १९६९ ते १९७२ या वर्षांत इंग्लंडांतील कांहीं रॉक वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याची लाज वाटूं लागली होती. दीर्घ रचना, अवघड लयी, पाश्चात्त्य अभिजात संगीतांतून घेतलेलें साहित्य आणि गंभीर आशय यांच्या जोरावर त्यांनीं जो पंथ काढला त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. कोणी मुसॉर्गस्कीची पियानोरचना विजेच्या वाद्यांवर वाजवली, कोणी एकच गाणें तबकडीच्या एका बाजूभर पसरलें. तबकडींतील सर्व गाण्यांत एकच सूत्र ओवलेलें असणें ही मोठेपणाची खूण मानली जाऊं लागली. अशा वेळीं, १९७१ सालीं, जेथ्रो टलची 'अ‍ॅक्वालंग' ही तबकडी निघाली. तींत एका बाजूस रस्त्यावरचा एक भणंग म्हातारा होता, दुसऱ्या बाजूस देव आणि चर्च यांविषयींचीं कांहीं गाणीं होतीं. टीकाकारांनीं लगेच निवाडा दिला कीं, ही एकसूत्री तबकडी आहे. अँडरसन सांगत राहिला कीं, अहो, हीं नुसतीं सुटीं गाणीं आहेत, त्यांतल्या तीन-चारांचें एकमेकांशीं नातें आहे इतकेंच. कोणी ऐकेना. तेव्हां त्यानें ठरवलें कीं, यांना एकसूत्री तबकडीच हवी असेल तर अशी देऊं कीं पुन्हां नांव काढणार नाहींत.

ही झाली थट्टेची जन्मकथा. ती पार कशी पाडली हें पाहण्यासारखें आहे. दोन्ही बाजूंवर मिळून एकच गाणें, सुमारें ४४ मिनिटांचें. या गाण्याचें काव्य जेरल्ड बॉस्टॉक नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाचें आहे, असें तबकडीवर छापलें. हा मुलगा अर्थात् कोणत्याहि आईच्या पोटीं जन्मला नव्हता. तबकडीच्या वेष्टनाच्या जागीं १२ पानांचें एक वर्तमानपत्र होतें. सेंट क्लीव्ह नांवाच्या, नकाशावर नसलेल्या एका गांवाचें तें पत्र. त्यावर तारीख ७ जानेवारी १९७२, शुक्रवार. पहिल्या पानावर मोठी बातमी अशी कीं, बालकवि बॉस्टॉक याला काव्यस्पर्धेंत मिळालेलें पारितोषिक काढून घेण्यांत आलें आहे. कारण त्यानें दूरचित्रवाणीवर कविता वाचली, त्यानंतर तक्रारी आल्या, आणि मानसशास्त्रज्ञांनीं अभिप्राय दिला कीं, जीवन, देव आणि देश यांविषयीं या मुलाची दृष्टि निकोप नाहीं. पारितोषिक मग एका सोज्वळ मुलीच्या सोज्वळ निबंधाला देण्यांत आलें. आंत स्थानिक बातम्या, खेळ, जाहिराती, शब्दकोडें, ठिपके जोडून चित्र काढण्याचा खेळ, आणि एका कोपऱ्यांत याच तबकडीचें परीक्षणहि! टीकाकारांचें काम मंडळींनीं आधींच उरकून टाकलें होतें. मजकूर अँडरसन, पियानोवादक जॉन एव्हन आणि बास वाजवणारा जेफ्री हॅमंड यांनीं लिहिला. त्याला खऱ्या वर्तमानपत्राचें रूप दिलें तें पूर्वीं पत्रकार असलेल्या रॉय एल्ड्रिज यांनीं. संगीताला लागला त्याहून अधिक वेळ हें वर्तमानपत्र तयार करण्यास लागला. ज्यांनीं जिल्ह्याच्या गांवचीं साप्ताहिकें वाचलीं असतील त्यांना हीं पानें पाहून ओळखीचें हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. तोच गंभीर चेहरा, तीच क्षुल्लक बातमी, तोच नगरपालिकेचा अभिमान.

माझ्या स्नेह्यांनीं हें वर्तमानपत्र पाहिलें नव्हतें. त्यांनीं नुसता नाद ऐकला. आणि नुसत्या नादांत थट्टा शोधूं गेलें तर ती सहजासहजीं सांपडत नाहीं. माझ्या मतें या तबकडीचें सारें रहस्य येथें आहे.

आरंभ एका साध्या गिटारीनें होतो. विजेची नव्हे, लांकडी. तिच्यावर एक हलकी, उड्या मारीत जाणारी चाल. मग अँडरसनचा आवाज, आणि ओळींच्या मध्यें बासरीचा शिडकावा. सुमारें तीन मिनिटें हें असेंच चालतें, आणि ऐकणाऱ्याला वाटतें कीं, एखादें गोड लोकगीत आपल्या पुढ्यांत आलें आहे. मग एकाएकीं ऑर्गन, विजेची गिटार आणि ढोल अंगावर कोसळतात. येथून पुढें कोणत्याहि चालीवर दोन-तीन मिनिटांपेक्षां जास्त विसंबून राहूं नये. आपल्याकडे ताल एकदां धरला कीं तो शेवटपर्यंत पाळला जातो. गवय्याचें स्वातंत्र्य त्या आवर्तनाच्या आंत असतें. येथें आवर्तनच बदलतें. समजा, आपण मांडीवर सोळा मात्रा मोजीत बसलों आहों, आणि एका ओळीनंतर कोणी मुकाट्यानें एक मात्रा काढून घेतली, पुढच्या ओळींत दोन घातल्या. आपला हात समेवर पडतो तेव्हां सम पुढें निघून गेलेली असते. वाजवणारे मात्र पांचहि जण एकाच क्षणीं नेमके नव्या समेवर उतरतात. कोणी अडखळत नाहीं. लय घोटून घोटून बसवल्याशिवाय हें होत नाहीं, हें माझ्या स्नेह्यांना सांगावें लागलें नाहीं.

वाद्यांची तर जत्राच आहे. हार्पसिकॉर्ड, झायलोफोन, टिंपनी, व्हायोलिन, ल्यूट, ट्रंपेट, सॅक्सोफोन. आणि यांवर डी पामर यांनीं बांधलेला तंतुवाद्यांचा मेळ. पण या पसाऱ्यांतहि एक शिस्त आहे. आरंभीं जे छोटे छोटे स्वरबंध येतात तेच पुढें वेष बदलून भेटतात. कधीं ऑर्गनवर धांवत, कधीं लष्करी कूच करीत, कधीं तंतुवाद्यांवर शोकाकुल होऊन. पहिल्यांदां ऐकतांना हें कळत नाहीं. तिसऱ्या-चवथ्या खेपेस गर्दींत ओळखीचा माणूस दिसावा तसें होतें. काव्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, मूल जन्मल्यापासून वडीलधारे त्याला कसे घडवतात, शिपाई आणि कवि यांच्यामध्यें तें कसें ओढलें जातें, चित्रकथांतले पराक्रमी वीर ऐन वेळीं कसे मदतीला येत नाहींत, असा त्याचा ओघ आहे. मधून मधून तें दुर्बोध होतें, आणि कांहीं ठिकाणीं तर दुर्बोधताच हेतु असावी अशी शंका येते. आठ वर्षांच्या मुलाच्या नांवावर टाकल्यामुळें कवीला तेवढी सवलत मिळाली.

आणखी एक गोष्ट. तबकडीच्या एका बाजूवर बावीस-तेवीस मिनिटांहून फारसें मावत नसे. गाणें एकच, पण तें मध्यें तोडणें भाग. तेव्हां पहिली बाजू संपतांना वाद्यें विरत विरत दूर जातात. ऐकणाऱ्यानें उठावें, तबकडी उलटावी, सुई टेकवावी. कीं वाऱ्याच्या घोंघावण्यांतून तींच वाद्यें पुन्हां पुढें येतात. यंत्राच्या अडचणीला त्यांनीं रचनेंत बसवून घेतलें. हल्लीं न उठतां सबंध ऐकण्याची सोय झाली आहे. पण मग तें विरणें आणि तें परत येणें निष्कारण वाटतें. ज्यांच्याकडे जुनी तबकडी आहे त्यांनीं ती उलटण्याचे कष्ट घ्यावे. दुसऱ्या बाजूच्या आरंभींचा ढोलांचा आणि तुटक शब्दांचा भाग मात्र मला अजून पटलेला नाहीं. तेथें रचना क्षणभर स्वतःच्याच हुषारीवर खूष होऊन उभी राहते.

हें सर्व कसें तयार झालें हें ऐकलें तर आश्चर्य वाटतें. १९७१ च्या अखेरीस लंडनमध्यें, रोलिंग स्टोन्स यांच्या तळघरांतील तालमीच्या जागेंत ही मंडळी जमे. अँडरसन पहांटे उठून त्या दिवसापुरता भाग रची, आणि बाकीचे तो दिवसभरांत बसवीत. मासिकासाठीं कादंबरीचें प्रकरण महिन्याच्या महिन्याला लिहिणारा लेखक जसा, तसाच हा रोजच्या रोज लिहिणारा. सुमारें पंधरवडा तालीम झाल्यावर डिसेंबरांत मॉर्गन स्टुडिओंत मुद्रण सुरू झालें. मंडळींत बॅरीमोर बार्लो हा नवा ढोलवादक होता. जेथ्रो टलबरोबर त्याची ही पहिलीच पूर्ण तबकडी. मार्टिन बार गिटारीवर. आणि हॅमंड? हॅमंड मूळचा चित्रकार. अँडरसनचा शाळूसोबती, म्हणून त्याला बोलावून हातांत बास दिलेला. वादक म्हणून त्याची तयारी बेताचीच. त्यानें सारें स्वर एक एक करून पाठ केले. १९७५ सालीं तो मंडळी सोडून पुन्हां चित्रें काढण्यास निघून गेला. या तबकडींतील ते वांकडेतिकडे लयीचे भाग ऐकतांना मला नेहमीं त्याची आठवण होते. ज्याला हें सोपें नव्हतें अशा माणसानें, एका विनोदापायीं, हें सर्व तोंडपाठ केलें.

येथें माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतों. थट्टा कोणाची? टीकाकारांची म्हणावी, तर ते चार दिवसांत विसरले असते. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बडेजावाची म्हणावी, तर वेडेंवांकडें, मुद्दाम फुगवलेलें कांहीं तरी वाजवून ती अधिक सहज झाली असती. आपल्याकडे आचार्य अत्रे यांनीं केशवकुमार या नांवानें 'झेंडूचीं फुलें' लिहिलीं, तेव्हां ज्या कवींची थट्टा करायची त्यांच्या वृत्तांत आणि त्यांच्या शब्दकळेंत त्यांना स्वतःला निर्दोष लिहावें लागलें. विडंबनाची अट ती असते. पण अत्र्यांची कविता वाचतांना आपण विडंबन वाचतों आहों हें पहिल्या ओळीपासून कळतें. अँडरसननें एक पाऊल पुढें टाकलें. किंवा मागें टाकलें असेंहि कोणी म्हणेल. त्यानें थट्टा सगळी कागदावर ठेवली आणि तबकडींत खरें संगीत घातलें. ज्याची नक्कल करायची तें इतकें चांगलें करून दाखवलें कीं, तें त्या पंथांतील अग्रगण्य कामांपैकीं एक होऊन बसलें. अमेरिकेंत ती तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली, इंग्लंडांत पांचव्या. कित्येकांनीं, विशेषतः अमेरिकेंत, जेरल्ड बॉस्टॉक हा खराच मुलगा आहे असें मानलें. म्हणजे थट्टा लागू पडली नाहीं, कीं अपेक्षेपेक्षां अधिक लागू पडली?

रंगमंचावर मात्र तिला लपण्याची जागा नव्हती. १९७२ च्या दौऱ्यांत कार्यक्रमाच्या आरंभीं लांब कोट घातलेले कांहीं इसम येऊन रंगमंच झाडीत, वाद्यें तपासून पाहत, प्रेक्षकांची डोकीं मोजीत. आणि मग कोट टाकून त्यांतलेच कांहीं वाजवूं लागत. ऐन रंगांत आलेल्या गाण्याच्या मध्यें टेलिफोनची घंटा वाजे, वादन थांबे, अँडरसन फोन घेई. बातम्या आणि हवामानाचा अंदाज वाचला जाई. पाण्यांत बुडी मारणाऱ्याच्या पोषाखांत एक मनुष्य रंगमंचावरून चालत जाई. आणि यानंतर तीच अवघड लय, त्याच ठिकाणाहून, एकाहि मात्रेची चूक न होतां पुन्हां उचलली जाई. असे प्रयोग तास उलटून जाईपर्यंत चालत. बी. बी. सी. वर १९६९ पासून सुरू झालेल्या 'माँटी पायथन' च्या विक्षिप्त विनोदाची ज्यांना ओळख आहे त्यांना ही जात लगेच कळेल.

पुढच्याच वर्षीं, १९७३ सालीं, मंडळींनीं 'अ पॅशन प्ले' काढली. तीहि दोन्ही बाजूंभर पसरलेली, तीहि गुंतागुंतीची, अमेरिकेंत तीहि पहिल्या क्रमांकावर गेली. मध्यें चष्मा हरवलेल्या सशाची एक गोष्टहि तींत आहे. पण टीकाकार तिच्यावर तुटून पडले, आणि मला वाटतें, सर्वस्वीं अन्यायानें नव्हे. पहिल्या तबकडींत मंडळी मोठेपणाचा अंगरखा घालून आरशापुढें उभी राहिली होती. अंगरखा अंगाला बेतल्यासारखा बसला. दुसऱ्या वर्षीं तो काढावयाचें त्यांना सुचलें नाहीं. सशाची गोष्ट तेथें आहे, पण ती मध्यंतरांतल्या फराळासारखी वेगळी पडते; मूळ पदार्थांत विनोदाचें मीठ उतरलेलें नाहीं. १९७२ नंतर चाळीस वर्षांनीं, २०१२ सालीं, अँडरसननें जेरल्ड बॉस्टॉकचें पुढें काय झालें असावें याविषयीं आणखी एक तबकडी काढली आणि त्याच सुमारास मूळचें गाणें पुन्हां संपूर्ण रंगमंचावर आणलें. त्या कल्पित मुलानें आपल्या निर्मात्याला इतक्या वर्षांनींहि सोडलें नव्हतें.

हें सर्व मीं माझ्या स्नेह्यांना त्या दुपारीं एवढ्या विस्तारानें सांगितलें नाहीं. वर्तमानपत्राचीं पानें तेवढीं त्यांच्या पुढ्यांत ठेवलीं. त्यांनीं तीं काळजीपूर्वक, ओळीन् ओळ वाचलीं, शब्दकोड्यापाशीं थोडे रेंगाळले, आणि म्हणाले, "पहिली बाजू पुन्हां लावा पाहूं." गिटार सुरू झाली तशी त्यांनीं मांडीवर हलकेच मात्रा धरल्या. ऑर्गन कोसळला तरी हात थांबला नाहीं. बराच वेळ त्यांनीं सम बरोबर पकडली. मग एका ठिकाणीं हात खालीं आला तों सम निघून गेलेली. त्यांनीं हात तसाच अधांतरीं धरला, माझ्याकडे पाहिलें, आणि मोठ्यानें हंसले.